बाकीच्यांच्या पोरी

एका गावात बाप्ये मिशांना पीळ देण्यात पटाईत होते आणि पोरी खो-खोत. सात गावांत त्यांच्या पाठीला हात लावील असं कुणी नव्हतं.

पोरी चौदाच्या झाल्या, तशी घराघरांत कुजबुज सुरू झाली. पाटील म्हणाला, "पोर मोठी झाली. पुरे आता." वाणीणबाई म्हणाली, "उन्हानं रंग उतरतो हो." गुरुजींना गुडघ्यांचा घोर, "खरचटलेल्या पोरीला स्थळ कोण आणणार?" आणि जो तो मनात म्हणाला, 'आपली एक नसली तर काय बिघडतं? बाकीच्यांच्या आहेत की!'

अंतिम सामन्याला सगळा गाव हलगी, गुलाल, पेढे घेऊन हजर. पाटील फेटा बांधून पहिल्या रांगेत. बघतात तर काय, दोन खांबांच्या मधे एकटी लोहाराची साळू बसलेली!

सकाळी तिचीही आई म्हणाली होती, "पोळ्या कोण लाटणार?"

"संध्याकाळी लाटते गं आई. सामना काही संध्याकाळी परत यायचा नाही," म्हणून पोर निघाली होती.

पंच म्हणाले, "नऊ जणी लागतात. अर्धा तास थांबतो. मग ढाल पाहुण्यांची."

पाटील गरजला, "साळे, बाकीच्या कुठायत?"

"काका, तुमची तुम्हीच कोंडलीय. मला काय विचारता?"

गाव एकमेकांची तोंडं बघू लागलं. तेवढ्यात वाणीणबाई पदर खोचून पळत सुटली. मागोमाग बाकीच्या सात आया. पाटलीणबाईंनी तर शेताचा बांध असा ओलांडला, की हलगीवाल्याचा हातच थांबला.

"वहिनी, एवढं पळता येत होतं होय?" तो ओरडला.

"येत होतं!" पळता पळताच त्या ओरडल्या, "चौदाव्या वर्षी घरी बसवलं मला!"

पोरी आल्या. एकीच्या हाताला पीठ, एकीचं अर्धंच डोकं विंचरलेलं. साळूनं एकेकीला जागेवर बसवलं, पाठीवर थाप दिली आणि असा खेळ मांडला, की पाहुण्यांच्या गावचे लोकसुद्धा टाळ्या वाजवून बसले. एका गुणानं ढाल गावातच राहिली.

पाटील लेकीला खांद्यावर घेऊन नाचायला निघाला. लेक मागं सरली. "आबा, आधी सांगा. उद्या सरावाला सोडणार ना?"

पाटलानं हळूच बायकोकडं बघितलं. फेटा काढून काखेत धरला.

"मी कोण सोडणारा, बाई? जा, तुझी तू."

तात्पर्य: बाकीच्यांच्या पोरींसाठी टाळ्या वाजवायची हौस असेल, तर आधी आपली पोर मैदानात राहू द्या.