महाराजांनी आ केला

गोदाकाठच्या निमखेडात केवळनाथ महाराजांचा मठ होता, आणि मठाच्या ओसरीवर दुखणाईतांची वस्ती. शहरात कर्करोगावर किरणांचा शेक घ्यायचा आणि मुक्कामाला महाराजांच्या पायाशी यायचे, असा त्यांचा परिपाठ. मथुरा नावाची परिचारिका त्यांची सेवा करी. रोज सकाळी बॅटरी घेऊन ती एकेकाचे तोंड बघे. शेकाने तोंड सोलवटले की माणूस अन्न टाकतो, बळ जाते, मग डॉक्टर उपचारच थांबवतात, हे तिने डोळ्यांनी पाहिले होते.

त्या वर्षी कीर्तनकार त्र्यंबकबुवा तिथे आले. गळ्यात गाठ, पण ताठा काही कमी नाही! मथुरेने बॅटरी काढताच ते कडाडले, "बैलबाजार भरलाय का इथे, दात बघायला? या मुखातून जन्मभर हरिनाम निघालंय. तू त्यात काय बघणार गं?"

सगळी ओसरी हसली. मथुरा मान खाली घालून पुढच्या खाटेकडे वळली.

पण पुढे बुवांनी पेजही परत पाठवायला सुरुवात केली. तोंड काही उघडू देईनात! ती महाराजांकडे धावली. "महाराज, बुवा हातचे जातील हो!"

महाराज बुवांच्या खाटेवर येऊन बसले. म्हणाले, "सिस्टर, आज आधी आमचं तोंड बघा." आणि त्यांनी लहान मुलासारखा आ केला.

मथुरेने बॅटरी धरली मात्र, ती ओरडलीच. "अगं बाई! डाव्या गालाला आतून केवढी जखम! जिभेखाली पांढरा थर... महाराज, सकाळी तर तुम्ही ठेचा-भाकरी खाल्लीत!"

बुवांचा हात आपल्या डाव्या गालाकडे गेला. हे दुखणे त्यांनी बायकोलाही सांगितले नव्हते.

महाराज म्हणाले, "बुवा, माती लपवणाऱ्या देवानेसुद्धा यशोदेपुढे तोंड उघडलं. तुमचं-आमचं काय घेऊन बसलात?"

बुवांनी तोंड उघडले. तीच जखम, तोच थर! मथुरेने कोमट मिठाच्या पाण्याने चूळ भरवली, औषध लावले. काय नवल सांगावे, आग तिथल्या तिथे निवली. संध्याकाळी बुवा वाटीभर पेज प्याले. त्यांचा शेक एकदाही चुकला नाही.

महाराज मात्र कितीतरी दिवस गार पेजेवर राहिले. त्यांच्या हातातली ती वाटी पाहिली आणि बुवांना हुंदका फुटला. त्यांनी महाराजांचे पाय धरले.

"आमचे राहू द्या," महाराज म्हणाले, "जिची थट्टा केलीत तिच्या पाया पडा."

बुवा भर ओसरीत मथुरेपुढे वाकले. तिने त्यांना वरच्यावर सावरले आणि डोळे पुसत बॅटरी लावली.

"आ करा, बुवा."