परसातले तळे आणि रानडुकरे

पूर्वी करंबक नावाच्या नगरात दृढवर्मा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका माळ्याच्या कुळात जन्माला आले. त्यांचे नाव सुदंत. घर नगराच्या टोकाला, रानाला लागून होते. परसात तळे होते आणि त्यातली निळी कमळे राजवाड्यात जात. त्यावर बोधिसत्त्व, त्यांची पत्नी सुमुखी आणि थोरला भाऊ कालक व त्याची पत्नी यांचा निर्वाह चाले.

एका कडक उन्हाळ्यात रानडुकरे तळ्यात शिरू लागली. कमळे तुडवली गेली, कंद उखडले गेले. बोरीच्या काट्यांचे कुंपण घातले, ते मोडले. थाळ्या बडवल्या, डुकरे पळाली आणि पुन्हा आली.

मग कालकाने त्यांच्या वाटेवर खड्डा खणला आणि तळाशी अणकुचीदार खुंट रोवले.

बोधिसत्त्व ती वाट पाहायला गेले. डुकरे घरच्या सुरणाच्या वाफ्यातून गेली होती, पण एकही गड्डा उकरलेला नव्हता. माग काढीत ते रानातल्या झऱ्यापर्यंत पोहोचले. झरा आटला होता. तळाची माती नाकाडांनी आणि खुरांनी खोलवर उकरलेली होती. तिथेच एक पिल्लू तहानेने मरून पडले होते.

परत येऊन ते खड्ड्यात माती लोटू लागले.

कालक धावत आला. "अरे, वेडा झालास का? एवढं खणलं ते कशासाठी?"

"दादा, खड्डा बुजू दे. मग हवं तेवढं भांड."

खड्डा बुजला. कालक भांडला नाही. आपले बिऱ्हाड उचलून तो सासुरवाडीला निघून गेला.

बोधिसत्त्वांनी कुंपण दुहेरी केले. मग तळ्याचा बांध एका जागी फोडून पाट काढला आणि कुंपणाबाहेरच्या सखल जागेत पाणी सोडले. रानातली जनावरे तिथे पिऊ लागली. पुन्हा कुणी आत शिरले नाही. पण तळे खाली गेले आणि उरलेली कमळेही करपली. राजवाड्याने दुसरा माळी पाहिला.

सुमुखी म्हणाली, "तुमची दया खरी. पण ही कमळं मी लावली होती. मला विचारलं असतंत तर?"

"चुकलं माझं," ते म्हणाले.

त्या वर्षी घर सुरणावर जगले. सुमुखी फारसे बोलत नसे. एके दुपारी एक डुकरीण पिल्ले घेऊन बाहेरच्या पाण्यावर आली. पाणी तळाला गेले होते. पिल्ले चिखल चाटू लागली. सुमुखी उठली, कुदळ घेतली आणि पाट तिनेच खोल केला.

ही हकिगत सांगून शास्ता भगवान म्हणाले, "भिक्षूंनो, विहाराच्या तळ्यावरून हरणांना दगड मारून हाकलणारा हा भिक्षू तेव्हा कालक होता. वेशीवर पाणपोई चालवणारी उपासिका तेव्हा सुमुखी होती. आणि तो माळी मीच होतो. दाराशी आलेल्या जिवाची तहान जाणून आपल्यातले पाणी त्याला द्यावे, ही करुणा होय."