एका गाडीचे तीन मालक

“माल तिघांचा, गाडी एक, आणि तिघांनाही स्वतंत्र गाडी द्यायची! आजच!” बाळगोंडा अण्णांनी हुकूम सोडला.

अण्णा सांगलीतले मोठे ट्रान्सपोर्टवाले. शब्द द्यायची त्यांना भारी हौस. दिलेला मागे घ्यायची सवय नव्हती. नागपूरला माल धाडणाऱ्या तिघांनाही त्यांनी सकाळी सांगून टाकलं होतं, “तुमच्या मालाला स्वतंत्र गाडी!” आणि वखारीत बंद बॉडीची एकच गाडी उभी होती.

गाड्या लावायचं काम नंदिनी कोळेकरकडे. तिनं तिन्ही माल कॉम्प्युटरवर चढवले. सॉफ्टवेअरनं सगळ्यांची मिळून एकच फेरी काढली.

“अण्णा, एका गाडीत आरामात बसतात.”

“बसतात हे मलाही कळतं! शब्द कोणी दिलाय?”

“तुम्ही.”

“मग तो मोडायचा नाही. बाहेरची गाडी आणायची नाही. खोटं बोलायचं नाही. संध्याकाळपर्यंत माल हलला नाही, तर उद्यापासून घरी बस. जाताना ते सॉफ्टवेअरही ने!”

नंदिनीनं फोन उचलला. पहिला मिरजेच्या दस्तगीरभाईंना. ते सतारी बनवायचे.

“चाचा, तुमची स्वतंत्र गाडी तयार आहे. आत फक्त सतारी, बाकी गाडी मोकळी. वाटेत खड्डे मात्र आहेत.”

“मोकळ्या गाडीत नाचतील की सतारी! भोपळे फुटतील! भोवती काहीतरी मऊ लाव, बेटी!”

“उशा आहेत. उशांखाली बेदाण्याच्या पेट्या. चालेल?”

“पळेल!”

मग उशांच्या कारखानदार कलावतीबाई पिंजारी.

“मावशी, तुमच्या गाडीत नुसत्या उशा. गाडी अगदी हलकी.”

“हलकी? अगं, माळावरच्या वाऱ्यानं आडवी होईल! खाली काहीतरी वजनदार घाल!”

“बेदाण्याच्या पेट्या घालते. आणि उशांत सतारी ठेवल्या तर?”

“ठेव की. सतार घोरत तरी नाही!”

शेवटी तासगावचे बेदाणेवाले एडके.

“काका, गाडीत फक्त तुमचा बेदाणा. वर पत्रा, पत्र्यावर विदर्भाचं ऊन.”

“पत्रा तापला की बेदाणा काळा पडतो! वर काहीतरी अंथर, बाई!”

“उशा आहेत. त्यांच्या मधे सतारी.”

“असू देत! सतारी काय बेदाणे खातात?”

दिवस मावळायच्या आत गाडी सुटली. अण्णा तणतणत आले. “तिघांचा माल एकाच गाडीत! मोडलास ना माझा शब्द?”

“नाही अण्णा. तिघांनाही मी स्वतंत्र गाडी देऊ केली. त्यांनीच आपापल्या गाडीत पाहुणे घेतले.”

“मग ही गेली ती गाडी कोणाची?”

“ज्याला विचाराल त्याची. बाकीचे दोघे पाहुणे!”

अण्णांनी हसू दाबलं. आधी मिशा हलल्या, मग पोट हललं, मग टेबलावरचा चहा सांडला. डोळे पुसत ते म्हणाले, “नंदिनी, आजपासून सगळी वखार तुझ्या हाताखाली! कोणती गाडी कोणाची, ते तू ठरवायचंस. यापुढं मीसुद्धा तुला विचारूनच शब्द देणार!”

आणि तिथल्या तिथं त्यांनी तिचा पगार दीडपट केला.