कोतवालाचा सोपा नियम

फार जुनी गोष्ट आहे. डोंगरातल्या एका राज्यात धारोजी नावाचा कोतवाल होता. माणूस इमानी, पण भारी संशयी. कोंबडा जरा लवकर आरवला तरी याला वाटे, त्याला कुणीतरी फितवलं असणार!

त्या राज्यात निरोप्यांची एक खूण ठरलेली होती. गडाच्या दाराशी निरोप्याने एक संख्या सांगायची. ती मूळ संख्या असली, म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानेच पुरता भाग जात नसला, तरच दार उघडे. तेरा सांगणारा आपला, पंधरा सांगणारा शत्रूचा. एकदा वापरलेली संख्या पुन्हा चालत नसे.

या संख्या भानुमती नावाची गणिती शोधून देई. एकेक संख्या भागून पाहताना तिचा दिवस सरे. उरलेल्या वेळात ती एका प्रसिद्ध कोड्याशी झुंजे. दोनहून मोठी कुठलीही सम संख्या ही दोन मूळ संख्यांची बेरीज असते, असं सगळे म्हणत. भानुमतीला ते सिद्ध करायचं होतं.

धारोजीला हे खटके. "जे पोराटोरांना ठाऊक आहे, ते सिद्ध करत ही बाई जन्मभर बसते? यात काहीतरी काळंबेरं आहे." त्याने तिच्या झोपडीवर पहारा बसवला. पहारेकऱ्याला आकड्यांखेरीज काही सापडलं नाही. त्यामुळे तर धारोजीचा संशय आणखी बळावला.

अशात परमुलखातून एक पंडित आला. तो धारोजीला म्हणाला, "एकापासून पुढची कोणतीही संख्या घ्या. तिला तिच्या पुढच्या संख्येने गुणा. त्यात एक्केचाळीस मिळवा. झाली मूळ संख्या तयार!"

एकाचे त्रेचाळीस आले, दोनाचे सत्तेचाळीस, तिनाचे त्रेपन्न. धारोजीने तिसापर्यंत करून पाहिलं. नियम एकदाही चुकला नाही.

भानुमती म्हणाली, "कोतवालसाहेब, हा पुढेही टिकतो हे कुणी सिद्ध केलंय का? मला थोडा अवधी द्या."

"अवधी कशाला? संख्या तुमच्याच मुठीत राहाव्यात म्हणून?" धारोजी फिसकारला.

राजाला सांगून त्याने तिचं काम काढून घेतलं. निरोपे नव्या नियमाने ओळीने संख्या घेऊ लागले. सगळं सुरळीत चाललं.

मग एके दिवशी शत्रूने खिंड ओलांडली. इशारा द्यायला धारोजीचा सख्खा भाऊ येसाजी धावत निघाला. चाळीसची पाळी त्याची होती. दाराशी येऊन तो ओरडला, "एक हजार सहाशे एक्याऐंशी!"

दारावरच्या गणकाने भागून पाहिलं. एक्केचाळीसने पुरता भाग गेला.

"दगा!" खूण चुकली की ओळखीचा चेहराही मानायचा नाही, असा धारोजीचाच हुकूम होता. तटावरून बाण सुटला. येसाजी खांदा धरून कोसळला. "शत्रू आलाय रे!" तो कळवळून सांगत राहिला, कुणी विश्वास ठेवला नाही. संध्याकाळपर्यंत पायथ्याचं गाव जळालं. येसाजी वाचला, पण त्याचा उजवा हात कायमचा गेला.

धारोजीने पंडिताला मुसक्या बांधून आणवलं. पंडित रडू लागला. "मी फसवलं नाही हो! मी पाहिलं तेवढ्यात तो कधीच चुकला नव्हता." धारोजीने गणकाला दरडावलं, पहारे तपासले. फितूर कुठेच सापडेना.

अखेर तो भानुमतीच्या दारी गेला. तिने ऐकलं आणि डोळे पुसले.

"चाळीस वेळा एक्केचाळीस, त्यात आणखी एकदा एक्केचाळीस. म्हणजे एक्केचाळीस वेळा एक्केचाळीस. भाग जाणारच, कोतवालसाहेब."

"तुम्हाला हे इतक्या चटकन कसं दिसलं?"

"सिद्ध करायला बसलं की नियम कुठे मोडेल, तेच आधी शोधावं लागतं. जन्मभर मी तेच करतेय."

"आणि तुमचं ते कोडं? सुटलं?"

"नाही. माझ्या हयातीत सुटेलसं वाटत नाही."

धारोजीने खाली मान घातली. त्याच दिवशी त्याने तिथला पहारा उठवला आणि राजाला सांगून तिचं काम तिला परत दिलं. पुढे कुणी खात्रीचा म्हणून नियम घेऊन आला, की धारोजी त्याला आधी भानुमतीसमोर बसवी. तिचं कोडं शेवटपर्यंत सुटलं नाही. पण पुन्हा कुठलाही आपला माणूस दाराशी परका ठरला नाही.

तात्पर्य: संशय घ्यावा तो सिद्ध न झालेल्या गोष्टीचा, सिद्धता मागणाऱ्या माणसाचा नव्हे.