ओंजळीवरचा निळा लेप

फार फार पूर्वी, डोंगराआडच्या एका राज्यात, दरबाराचा एक चितारी होता. त्याचा रंग जाड आणि हात झपाट्याचा. भिंतीवर डाग पडला की प्रधान म्हणे, "चितारी, मार फटकारा!" डाग गायब. मग त्यावर मोर नाचे, हत्ती झुले. झाकण्याच्या कामाला दरबारात कधी तोटा नसतो.

एकदा राजाने परमुलखातलं एक चित्र पाहिलं. त्यातला रंग आतून दिवा लावल्यासारखा उजळत होता. राजा म्हणाला, "दसऱ्याला माझं असं चित्र हवं. नाही जमलं, तर तुझी जागा दुसऱ्याला."

चितारी नदीपलीकडच्या एका म्हातारीकडे गेला. ही विद्या तिलाच ठाऊक होती. तिने त्याला महिनाभर राखाडी रंगाखेरीज कशाला हात लावू दिला नाही. कांदा राखाडी, मडकं राखाडी, तिच्या सुरकुत्याही राखाडी.

"आजी, रंग कधी?" तो वैतागला.

"आधी खालचं चित्र नीट कर. मग जवसाच्या तेलात चिमूटभर रंग घ्यायचा आणि काचेसारखा पातळ लेप द्यायचा. तो वाळला की दुसरा. घाई केलीस तर मार खाशील, बाळा."

चितारी शिकला आणि परतला.

त्या साली पाऊस रुसला होता. राजवाड्यामागचं तळं तुडुंब होतं, पण त्यावर पहारा होता. प्रधानाने फर्मावलं, "महाराज रयतेला पाणी वाढताहेत, असं चित्र काढ." नमुन्याला गावातली माणसं आणून बसवली. चितारीने समोर दिसलं ते राखाडीत उतरवलं: सुकलेले ओठ, भेगाळलेल्या रिकाम्या ओंजळी, वर राजाचा कलता हंडा. पाणी काय, नंतर निळ्या लेपाने भरू, असं त्याने मनाशी ठरवलं.

त्याने निळा लेप दिला. वाळू दिला. दुसरा दिला, तिसरा दिला. पाणी काही दिसेना. उलट त्या निळ्या काचेखालून तळहाताची एकेक भेग जास्तच खोल दिसू लागली. तेव्हा कुठे त्याच्या ध्यानात आलं, हा लेप काही झाकत नाही. खाली जे आहे, तेच उजळवतो.

प्रधान खवळला. "अरे शहाण्या, तुझा जुना जाड पांढरा काढ! एक फटकारा, की झालं पाणी!"

चितारीने कुंचला उचलला. समोर बसलेल्या बाईने मान उंचावून विचारलं, "चितारीदादा, चित्रात तरी भरली का माझी ओंजळ?"

तिच्या आवाजात टोमणा नव्हता, नुसती आशा होती. तेच त्याला सोसेना. हात थबकला. आजवर किती डागांवर आपण मोर नाचवले, हे त्याला आठवलं.

"नाही भरली, बाई," तो म्हणाला आणि कुंचला खाली ठेवला.

"जागा जाईल!" प्रधान गरजला.

"जाऊ द्या."

त्याच दिवशी त्याला वेशीबाहेर काढलं. प्रधानाने दुसरा रंगारी बोलावला. त्याने ओल्या तेलावरच पांढऱ्या रंगाचा जाड थर थापला. पाणी झकास दिसलं. "हे झालं काम!" प्रधान म्हणाला.

दसऱ्याचा दरबार भरला. पडदा सरला. खालचं तेल अजून आळलं नव्हतं. वरचा पांढरा थर तडकला, पोपडा सुटला आणि थेट राजाच्या पायाशी पडला. चित्रात निळ्याशार रिकाम्या ओंजळी झळकल्या. कोणी हसलं नाही. लोकांनी आधी चित्र पाहिलं, मग खिडकीतून दिसणारं तळं पाहिलं आणि मग राजाकडे बघत राहिले.

दुपार कलायच्या आत तळ्याचा पहारा उठला. चितारीला मात्र कोणी परत बोलावलं नाही. राजाने पाणी दिलं. माफी देण्याइतका तो मोठा नव्हता.

तात्पर्य: खऱ्यावर खोट्याचा थर जितका जाड चढवावा, तितका तो लवकर तडकतो.