पळून जाणारे

तुम्ही लोकांनी भिंती उंच केल्या आणि त्यालाच काळजी म्हटलंत.

केळंब्याच्या माळावर मनोरुग्णालयाची नवी इमारत व्हायची होती. नकाशात ऋजुता काळसेकर या तरुण आर्किटेक्टने रुग्णांच्या नातेवाइकांना राहता यावं म्हणून चार खोल्या काढल्या होत्या. जुन्या दवाखान्यातल्या बैठकीत आरोग्य समितीचे सभापती यशवंतराव घोलप यांनी लाल पेनाने त्या खोडल्या आणि तिथे भिंत ओढली.

“बारा फूट उंच. वर काचा, त्यावर काटेरी तार. एक पेशंट पळाला तर अख्खं गाव माझ्या दारात येईल, समजलं का मॅडम?”

ऋजुताने दवाखान्याचं रजिस्टर उघडलं. “दहा वर्षांत इथून एकतीस जण पळालेत, साहेब.”

“बघा! मी काय सांगत होतो?”

“त्यात पेशंट एकही नाही. सगळे नातेवाईक. माणूस आत सोडला, खोटा पत्ता लिहिला आणि पसार झाले. भिंत बांधूच आपण. पण पळणाऱ्यांना आत ठेवायचं, तर त्यांना राहायला या चार खोल्या लागतीलच.”

बैठकीत हशा पिकला. सभापतींनी रजिस्टर ओढून चाळलं, एका पानावर थबकून ते घाईने मिटलं.

“असू देत खोल्या,” ते पुटपुटले.

चहा घेऊन आलेल्या आया द्वारकाबाई त्यांच्याकडे निरखून पाहत होत्या.

“तुम्ही रखमाकाकूंचे पुतणे ना? गाडी वळवून येतो म्हणाला होतात. काकू रोज विचारतात, अजून वळली नाही का म्हणून.”