गोदाकाकूची वायर

जंगलातले प्राणी नुकते कुठे फोन वापरू लागले होते, तेव्हाची गोष्ट. वडाच्या ढोलीत गोदाकाकू नावाची साळू चार्जर आणि वायरी विकायची.

एकदा झिपरू ससा तिला म्हणाला, "काकू, हीच वायर बगळा दूरच्या कोठारातून निम्म्या किमतीत आणून देतो. तुम्ही लुबाडता!"

"कोठारवाला हजारो वायरी एकदम घेतो, मी चार घेते," काकू म्हणाली. "वर ढोलीचं भाडं. खपलं नाही तर माल माझ्याच अंगावर पडतो."

सशाने बगळ्याकडूनच वायर मागवली.

उन्हाळ्यात डोंगराला वणवा लागला. सशीण पिल्लांना घेऊन पलीकडच्या उतारावर गेली होती. आग नदीच्या बाजूने चढतेय, हे तिला ठाऊक नव्हतं. सशाचा फोन बंद पडलेला. त्याने बगळ्याची वायर लावली, पण ती चालेचना.

तो धुरातून वडाकडे धावला. शेजारची बिळं ओस पडली होती, गोदाकाकू मात्र जागेवर होती. तिने घाईघाईने एक वायर लावून पाहिली, ती बसेना. दुसरी लावली आणि फोन उजळला.

"अगं, नदीकडे जाऊ नकोस! वर खडकांत पळ!" ससा ओरडला.

थोड्या वेळाने पलीकडून पिल्लांचा आवाज आला, "पोचलो, बाबा!"

सशाने फोन खाली ठेवला. "काकू, तुम्ही अजून इथे कशा?"

"धूर दिसला तेव्हाच निघणार होते," काकू म्हणाली. "मग वाटलं, आज कुणाला तरी वायर लागेल."